सुतळीच्या लांबीएवढं अंगण

तार आली तेव्हा मी गहू निवडत होते. इथे खडगपुरात रेल्वेच्या क्वार्टरांपुढे तारवाला सायकलवरून उतरला की ओळीतल्या सगळ्या बायका दारात येतात, तशा आल्या. तार इंग्रजीत. मी चौथीतून शाळा सोडलेली, आणि आमचे हे वर्कशॉपमध्ये ड्यूटीवर. पण ती वाचून घ्यायची मला गरजच वाटली नाही. लग्न होऊन देवळीहून निघाले त्या दिवसापासून मी याच तारेची धास्ती उराशी घेऊन राहत होते. उंबऱ्यातच बसले आणि ‘मोठीआई गं...’ म्हणून हंबरडा फोडला. शेजारचे बंगाली बाबू चष्मा लावून आले, त्यांनी कागद उलटसुलट करून वाचला आणि हळूच म्हणाले, “बेटी, इसमें तो तुम्हारे ताऊजी का नाम है.”

रडणं थांबलं. मोठेबाबा? ते कसे जातील... ते तर मोठीआईकडे लक्ष ठेवायला होते. आजारी ती होती. श्वास तिचा अडकायचा. कुणाचं काय झालं तर कोण धावेल, याचा सगळा हिशेब मी इतकी वर्षं मनात मांडून ठेवला होता, आणि त्या हिशेबात मोठेबाबांचं मरण कुठे नव्हतंच.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ आणि मोठीआई त्यांची बायको. माझे आईवडील एकाच पावसाळ्यात पटकीने गेले. नातेवाईक ‘पोरीचं काय करायचं’ म्हणून एकमेकांकडे पाहत असताना मोठेबाबा मला खांद्यावर घेऊन देवळीला आले. त्यांना मूलबाळ नव्हतं. ते कापसाच्या जिनात फिटर होते. दिवाळीपासून पार उन्हाळ्यापर्यंत त्या टिनाच्या शेडमध्ये सरकी काढणारी यंत्रं धडधडत असत, आणि जन्म त्या धडधडीत घालवल्यावर माणसाच्या कानांचं जे व्हायचं तेच त्यांचं झालं. जिनातले जुने लोक सगळेच थोडे कमी ऐकत, मोठेबाबा मात्र ठार बहिरे. त्याचं दुःख करताना मी त्यांना पाहिलं नाही. उलट जेवायला बसले की मोठ्या आवाजात म्हणायचे, “मालकानं पेन्शन नाई देल्ली त काय झालं? बहिरेपण देल्लं नं! तुई मोठीआई बोलत राह्यते, मी मजेनं जेवतो.”

मोठीआई पोळी त्यांच्या ताटात टाकून माझ्याकडे बघायची. “बोलाले दम लागते म्हणा. देवानं जोडा बरोबर जमवला, पोरी. एकाले कान नाई, एकीले श्वास नाई.”

तिला दमा होता. सीझनमध्ये गावाच्या हवेत कापसाचा फूस, म्हणजे बारीक तंतू, उडायचा, तेव्हा तर तिच्या छातीतली शिट्टी मला स्वयंपाकघरात ऐकू यायची. चुलीचा धूर तिला सोसेना, म्हणून चुलीपुढे मी बसू लागले आणि शाळा सुटली. मला कुणी शाळेतून काढलं असं मला कधी वाटलं नाही. काढलं असेल तर त्या धुराने काढलं. मोठेबाबांना मात्र ते लागलं असावं. जिनाच्या हापिसातली शिळी वर्तमानपत्रं ते घडी करून सदऱ्यात घालून आणत आणि संध्याकाळी मला मोठ्याने वाचायला लावत. ऐकू येत नाही तर काय कळतं, म्हणून मी अवघड शब्द गाळायचे. ते माझ्याकडे बघतच नसत, मोठीआईच्या तोंडाकडे बघत. तिच्या कपाळाला आठी पडली की बोट उगारून म्हणत, “शबद गायला! मांगं जाय.” आज हे चार शब्द लिहिते आहे, ते त्या बोटाच्या धाकाने.

माझं लग्न ठरलं आणि मुलगा खडगपूरला असतो म्हटल्यावर मी अन्न सोडलं. मी गेल्यावर मोठीआईची हाक कोण ऐकणार? दम लागला की तिचा आवाज खाटेच्या पायथ्याशीही पोचत नसे, आणि घरात दुसरं माणूस म्हणजे मोठेबाबा. मी त्यांना खुणा करकरून विचारलं, तुम्ही जिनात गेल्यावर काय? आणि घरी असलात तरी काय? ते माझी वेणी ओढून म्हणाले, “तू तुया घरी जाय. तुया मोठीआईले मी ऐकतो.” बहिऱ्या माणसाने दिलेलं हे वचन. मोटारीत बसेपर्यंत मी त्यावर रडले.

त्या सीझनला ते जिनात गेले नाहीत. मालकाने मुनीम पाठवला, अजून हातपाय चालतात, कशाला बसता म्हणून. मोठेबाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग एक शाल आणि नारळ आला आणि त्यांचं काम संपलं.

सुतळीची गोष्ट मला पहिल्या माहेरपणात कळली. जिनात त्या आवाजात हाक मारून उपयोग नसतो, म्हणून माळ्यावरून खाली निरोप द्यायला दोरी असते. दोरीला हिसका दिला की खालचा माणूस समजतो. मोठेबाबांनी तीच पद्धत घरात आणली होती. कापसाच्या गासडीचं तरट शिवायची सुतळी मोठीआईच्या बाजेच्या गाताला, म्हणजे कडेच्या लाकडाला, एक वेढा देऊन, खिडकीतून काढून, अंगणातल्या लिंबाखाली आपल्या खुर्चीपर्यंत नेलेली, आणि तिचं टोक त्यांच्या डाव्या मनगटाला. एक हिसका म्हणजे ‘या’, आणि त्यावर तिकडून ओढ आली की ‘येतो’. लागोपाठ हिसके म्हणजे ‘असाल तसे या’. आणि एक होती नुसती ओढ, हलकी, गाईच्या दाव्याला वासरू लागावं तशी. तिचा अर्थ मी मोठीआईला विचारला तर ती लाजली. “काई नाई वं. काय करून राह्यले, असं विचाराचं. मंग ते तिकून ओढते. बसलो म्हणते.”

मी म्हटलं, त्यापेक्षा ते आतच का बसत नाहीत?

“कायले? जन्म गेला त्याईचा त्या अंधाऱ्या शेडात. आता उन्हात बसू दे नं त्याईले. माह्या तोंडाकडं पाहून काय भेटते?”

अशी त्यांची निवृत्ती सुतळीच्या लांबीएवढ्या अंगणात झाली. पण त्या तेवढ्यात त्यांनी काय काय बसवलं होतं! सकाळचं ऊन कुंपणावरून उतरलं की खुर्ची तिथे, मग ऊन सरकेल तशी खुर्ची सरकायची. हात पोचेल तिथे वांग्याची चार झाडं, वर वालाचा वेल. हिवाळ्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगांची परडी मांडीवर. शेंगा सोलायच्या, दाणे एका वाटीत मोठीआईसाठी, टरफलं शेळीला. गुळाचा चहा बशीत ओतून, बशी उन्हात धरून, तिच्यातली वाफ बघत बसायचे. लोक बिघडलेले स्टोव्ह, कुलपं, शिवणयंत्रं घेऊन यायचे. ते यंत्रावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि कुठे घासतंय ते हाताला कळायचं. एकदा मला म्हणाले, “पोरी, जिनात मशीन चालू राहावं म्हणून मी जागा राहाचो. आता मी बसलो, अन् दिवस आपोआप चालते. लय मजा आहे याच्यात. पह्यले कोणी सांगतलं नाई.”

फक्त एक त्यांची खोड मोठीआईला सहन होत नसे. हिसका बसला तरी ते लगेच उठत नसत. जातिवंत फिटर, हातातला नट पुरता आवळल्याशिवाय पाना खाली ठेवायचा नाही, हे हाडात भिनलेलं. ते शेंगेलाही लागू. हातातली शेंग सोलून होईल, दाणे वाटीत पडतील, मांडी झटकली जाईल, वहाणा शोधल्या जातील, एक खाकरा होईल, मग स्वारी दारात. लागोपाठ हिसके असले की मात्र परडी उलटून धावत. पण साध्या हिसक्याला हा सगळा सोहळा. “मी मरून जाईन नं तुमची शेंग होऊस्तोर!” ती म्हणायची. त्यांना कळायचं नाही, कळलं तरी दाखवायचे नाहीत.

माझ्या बाळंतपणाला मी बरेच दिवस देवळीला होते. म्हटलं, आता मी आहे, तुम्ही मोकळे. बाजाराचा दिवस होता. त्यांनी शाल खांद्यावर टाकली, टोपी झटकली आणि नवरदेवासारखे निघाले. आम्ही दोघी हसलो. मोठीआई म्हणाली, आता बुढा दिवे लागल्यावर येते. पण चहा उकळेपर्यंत ते परत! हातात पानाचा विडा, तोंड कसनुसं. काय झालं, म्हणून मी खूण केली. मनगट चोळत म्हणाले, “काई नाई. हात हलका लागून राह्यला. कोणी बलावून राह्यलं अन् मले समजून नाई राह्यलं, असं वाटे.” विडा मोठीआईच्या उशाशी ठेवला आणि सुतळी पुन्हा बांधून घेतली. आम्ही पुन्हा हसलो... आता वाटतं, तेव्हा हसायला नको होतं.

खडगपूरहून नागपूर, नागपूरहून वर्धा, मग मोटार. मी पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. काय घडलं ते मला मोठीआईने सांगितलं, तेरवी झाल्यावर, दम घेत घेत, तुकड्या-तुकड्याने.

थंडीचा दिवस. ऊन चांगलं पडलेलं. त्यांनी तिला दाण्यांची वाटी आणून दिली होती, आणि दुसरी भरायला ते बाहेर गेले. थोड्या वेळाने तिने हलकी ओढ दिली. उत्तर आलं नाही. तिला वाटलं, शेंग हातात असेल. मग तिने चहासाठी हिसका दिला. आणि तेवढ्यात तिकडून ओढ आली. चांगली जोराची. बाजेचं गात करकरलं. “मले वाटलं, आज मोठी जोरात ‘येतो’ म्हणते बुढा,” ती म्हणाली. ती उशीला टेकून निवांत पडली. तो त्यांचा हात होता, खुर्चीच्या हातावरून खाली घसरलेला. बाकी काही नव्हतं.

ती वाट बघत राहिली. आधी शेंगेची, मग वहाणांची, मग खाकऱ्याची. मग तिला राग आला. तिने मुद्दाम सुतळीला हात लावला नाही. ‘आता तुम्हीच या, मी बलावत नाई.’ शेजारची गिरजाबाई ताक मागायला आली तेव्हा ती तिला म्हणाली, “त्या बुढ्याले सांग, मी रुसली म्हणा.” गिरजाबाई हसत हसत अंगणात गेली...

“त्याईनं येतो म्हणून सांगतलं होतं वं,” मोठीआई मला एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, क्षणाचं काम, त्रास झाला नसेल. मी ते तिला सांगितलं. तिला त्याचं काही नव्हतं. तिला एकच विचारायचं होतं, आपण लागोपाठ हिसके दिले असते तर? मी म्हटलं, तरी काही झालं नसतं. ती म्हणाली, “ते परडी उलटून आले असते.”

घर बंद करून, शेळी गिरजाबाईला देऊन मी तिला खडगपूरला घेऊन आले. गाडीत तिचा श्वास जाईल या भीतीने माझा डोळ्याला डोळा लागला नाही. इथे दोन खोल्या. तिने नुसतं कण्हलं तरी मला चुलीपाशी ऐकू येतं, मधली भिंत म्हणजे कुडाएवढी पातळ. हवेत कापूस नाही, तिची छातीही इथे बरी आहे. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते हेच, की तिने हाक मारावी आणि कुणीतरी ताबडतोब तिथे असावं. म्हणून ती ‘पोरी’ म्हणाली की मी हातातलं टाकून धावते. पाणी, औषध, उशी, काय हवं ते.

परवा तिने पाणी मागितलं. मी पोचले तर तिने भांडं घेतलं, पण प्यायली नाही. माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, काय झालं मोठीआई?

“तू लवकर येतं,” ती म्हणाली.

“मग उशिरा येऊ?”

“हाव. थोडी थांबून येत जाय.” मग भिंतीकडे वळली. “मी हाक मारतो नं, त्याच्यानंतर थोडा वेळ मले लागते.”

तेव्हापासून ती ‘पोरी’ म्हणते, आणि मी चुलीपाशी हातात पळी धरून उभी राहते. धावायला निघालेले पाय आवरून धरते. भिंतीपलीकडे ती उशीला टेकलेली असते. एक शेंग सोलून होते, मांडी झटकली जाते, वहाणा सापडतात.

मग मी जाते.