दोनदा चाळलेला पाला

पहाटे पावणेपाचला चाळणीमावशीचा दिवस सुरू व्हायचा. पाचला नाही, पावणेपाचला. ऊन चढायच्या आत शेवग्याचा पाला खुडून छपराखाली यायला हवा. गेली अकरा वर्षं ती मत्स्यतळ्यांवर कामाला होती, आणि माशांच्या खाद्यात जाणारा सगळा पाला तिच्याच हातून जात होता.

लोकांना वाटतं, पाला म्हणजे तोडला आणि टाकला. तसं नसतं. पानं देठावरून ओढून काढायची, कारण देठ माशाला पचत नाही. सावलीत जाळीवर पसरायची, तीन दिवस, दिवसातून चार वेळा वरखाली करायची. उन्हात टाकली तर एका दिवसात वाळतात, पण पिवळी पडतात आणि गवताच्या लायकीची होतात. मग दळायची, चाळायची, पुन्हा चाळायची. यंत्रातून निघालेल्या खाद्याच्या गोळ्या पूर्ण गार झाल्या की तेलात कालवलेली भुकटी आणि ठेचलेला लसूण त्यांना चोळायचा. गोळ्या गरम असताना चोळलं तर लसणाचा गुण उडून जातो. दुसऱ्या चाळणीचा हट्ट कधी सोडला नाही, म्हणून तिचं नाव चाळणीमावशी पडलं.

रस्त्यावरच्या पाटीवर मालकानं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, ‘औषधांविना, पाल्यावर वाढवलेले मासे’. तो पाला कुठं वाळतो, हे बघायला मात्र तो एकदाही छपरात वाकून आला नव्हता.

नवा मॅनेजर आला. शिकलेला, बुटांना चिखल लागू न देणारा. पहिल्याच आठवड्यात त्यानं छपरात उभं राहून घड्याळ पाहिलं.

“मावशी, एका पोत्याला तीन दिवस?”

“पाल्याला लागतात. मला नाही लागत.”

“बाजारात तयार भुकटी मिळते. पोतं उघडलं की काम झालं.”

“काम झालं म्हणू नका साहेब. पोतं उघडलं म्हणा.”

तळ्यांत बादलीनं खाद्य टाकणारा बादलीकाका खो खो हसला. मॅनेजर हसला नाही.

पोती आली. मावशीला लसूण सोलायला बसवलं. पहिलं पोतं उघडलं तसं तिनं मूठभर भुकटी घेऊन दाबली. मुठीत लाडवासारखा गोळा झाला. वाळलेल्या पाल्याचा कधी गोळा होत नाही.

“ही ओली आहे. कोंदट वास येतोय.”

“नैसर्गिक सुगंध आहे तो, मावशी. तुम्ही लसूण बघा.”

बाराव्या दिवशी तीन नंबरच्या तळ्यातले मासे खाईनासे झाले. “बादली रिकामी केली तरी पाण्यावर एक तोंड येईना,” काका सांगत आला. दोन दिवसांनी पांढरी पोटं वर करून मासे तरंगायला लागले.

मालक धावत आला. मॅनेजरनं खाद्याची वही पुढं केली. तीन नंबरच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘पाला’. कुठला, कुणाचा, काही नाही.

“हाताचं काम, सर. स्वच्छता कोण बघणार?”

मालकानं तळ्याच्या काठावर, सगळ्या मजुरांसमोर सांगून टाकलं, “मावशी, तुमच्या पाल्यानं मासे मेले. आता घरीच राहा.”

मावशीच्या अंगाची लाही लाही झाली. ज्यानं पोतं आणलं तो खुर्चीत, आणि जिनं अकरा वर्षं एकेक देठ वेचून काढला ती फाटकाबाहेर! वर तेच खाद्य बाकीच्या पाच तळ्यांत पडतच होतं. तिचं कोण ऐकणार? निघताना तिनं तीन नंबरच्या पिंपातून दोन मुठी खाद्य पिशवीत भरलं.

“काका, कुठून घेतलं ते पाहिलंत ना?”

“पाहिलं. कुणी विचारलं तर सांगेन.”

“विचारणार कुणी नाही. कुठून घेतलं ते या चिठ्ठीवर लिहिलंय, सही करा.”

काकानं पँटला हात पुसून सही केली.

खाद्य तपासून घ्यायला तिनं घरी डब्यातले पैसे काढले तशी सून म्हणाली, “आई, ते पैसे तुमच्या दातासाठी ठेवलेत ना?”

“दात नसला तरी बोलता येतं. मला आत्ता बोलायचंय.”

तपासणीच्या प्रयोगशाळेत खिडकीमागच्या कारकुनानं अर्ज उलटसुलट केला.

“तळं तुमचं?”

“मालकाचं.”

“मग फी तुम्ही का भरताय?”

“मासे मालकाचे. ठपका माझा.”

कारकुनानं अर्ज ठेवून घेतला. फी मात्र त्यानं पूर्ण घेतली.

नवव्या दिवशी कागद हातात आला. गोळ्यांवरच्या भुकटीत निम्म्याच्या वर भुसा. शेवग्याचं पान नावापुरतं. आणि बुरशीचं विष, चालतं त्याच्या सहापट.

मावशीनं कागद मालकापुढं ठेवला आणि बाजारच्या पोत्यांचं सांगितलं. मालकानं तो उभ्यानं वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. तोवर पाच नंबरच्या तळ्यातही मासे मरायला लागले होते.

“ही पोती कुणी मागवली?”

“पोत्यावर ‘शुद्ध’ लिहिलं होतं, सर,” मॅनेजर म्हणाला.

“पोतंच खायला घालायचं होतं,” मावशी म्हणाली. “मासे जगले असते.”

मालकानं तिथल्या तिथं सगळ्या तळ्यांवरचं खाद्य थांबवायला सांगितलं. मग मऊ आवाजात म्हणाला, “मावशी, उद्यापासून या. झालं ते झालं.”

“झालं नाही, तुम्ही केलंत. सगळ्यांसमोर बोललात. परतही सगळ्यांसमोरच घ्या.”

तळ्याच्या काठावर माणसं गोळा झाली. मालक खाली बघत काहीतरी पुटपुटला.

“मालक, मागं ऐकू आलं नाही,” काका ओरडला.

मालक पुन्हा बोलला, या वेळी खड्या आवाजात. मासे मावशीच्या पाल्यानं मेले नाहीत.

मॅनेजरची नोकरी गेली नाही. त्याला मालकाच्या दुसऱ्या गावातल्या तळ्यांवर पाठवलं, तेही वरच्या जागेवर. फीचा विषय मालकानं काढला नाही आणि मावशीनं मागितली नाही. दुसऱ्या दिवशी ती छपरात हजर होती, पण पाला तोडायच्या आधी तिनं वहीत नवा रकाना आखून घेतला, पाला कुणी तयार केला ते लिहायला. दोन महिने खुडून, वाळवून, दळून मिळवलेली मजुरी गेली होती ती प्रयोगशाळेच्या एका कागदाला आणि त्याच्या तळाशी मारलेल्या शिक्क्याला.