उपास आणि उपाशी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही – आणि तिला तर मी बाहेर खाल्लेल्या जिलबीचाही वास लागतो.

मी रक्त काढतो. यवतमाळला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमच्या मॅडमचं काम कंपवातावर. शरीरातली पेशी आपलंच भंगार मोडून पुन्हा वापरते. ते काम करणारी प्रथिनं रक्तातल्या अतिसूक्ष्म पिशव्यांमध्ये सापडतात. ती मोजून, हात थरथरायच्या आधीच रोग ओळखता येईल का? मुकुटबन गावातून आधी घेतलेल्या नमुन्यांत तसं दिसलं होतं. महागावकडे पुन्हा तेच दिसतं का, एवढं पाहायचं होतं. अट एकच – माणूस रात्रभर उपाशी हवा. खाल्लं की आकडे बदलतात.

महागावजवळच्या एका तांड्यावर गेलो तो श्रावणातला सोमवार. फॉर्मवर 'उपाशी' छापलेलं होतं. रक्त द्यायला आलेल्या प्रत्येकीला मी आपल्या बोलीत विचारलं, "उपास हाय ना बाई?" सगळ्या हो म्हणाल्या.

शेवटी सीताबाई आल्या. हात कापत होता, शीर सापडेना, तीनदा टोचलं. म्हणाल्या, "मायं जाऊ दे भाऊ, पन लेकीले हे नाई झालं पायजे." रक्त निघालं, आणि कापूस दाबून धरत त्या सहज बोलल्या, "बरं झालं, निंगताना उसळ खाल्ली साबुदान्याची. नाईतं चक्कर आली असती."

मी बाकीच्यांना विचारलं. सगळ्यांनीच खाल्लेलं – कुणी उसळ, कुणी शेंगदाण्याचे लाडू. एकादशी, दुप्पट खाशी – हे काय मला ठाऊक नव्हतं? माझ्याच घरी तेच चालतं.

खरं लिहिलं असतं तर मॅडम रागावल्या असत्या, पुन्हा यावं लागलं असतं. बस, एवढंच. मी सगळ्या फॉर्मांवर 'उपाशी'पुढे खूण केली.

महागावचे आकडे मुकुटबनशी जुळले नाहीत. मॅडमनी यंत्र तपासलं, रसायनं बदलली, मुकुटबनचे नमुने पुन्हा मोजले. वर्ष त्यातच गेलं. मला रोज दिसत होतं – आणि रोज मी गप्प होतो. मग एका दुपारी त्या म्हणाल्या, "माझाच अंदाज चुकला. बंद करू या हे."

मी समोरच उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. किती वेळ लागला असता?

मी म्हणालो, "होतं असं, मॅडम." आणि त्यांनी सांगितल्यावर सगळ्या नळ्या मीच फेकून आलो.