आप्पांनी वाजवलेली घंटा

"येसूदास, दोर सोड. आत्ता घंटा नको. लोकांना वाटेल आमचा अभयच गेला."

हे माझ्या बापाला सांगितलं बाईंनी. बाई म्हणजे आमच्या चर्चच्या सेक्रेटरीसाहेबांची बायको. अख्खी मंडळी त्यांना बाईच म्हणते. माझा बाप वयानं त्यांच्याहून कितीतरी मोठा, तरी त्याला एकेरी. बाप चर्चच्या पायरीवर उभा होता, हातात घंटेचा दोर. माझा धाकटा भाऊ शमुवेल त्याच सकाळी सिव्हिल हॉस्पिटलात वारला होता. प्रेत अजून घरी यायचं होतं.

आमच्यात माणूस गेलं की चर्चची घंटा वाजते. एक ठोका. मग थांबायचं. मग दुसरा. ती ऐकून लोक हातातलं काम टाकून दारात येतात. घंटा वाजवायचं काम माझ्या बापाचं, आप्पांचं. चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही राहतो ते त्याच कामामुळे. उभ्या जन्मात आप्पांनी सगळ्यांसाठी घंटा वाजवली, साहेबांच्या आईसाठीसुद्धा. आणि स्वतःच्या पोरासाठी वाजवायची वेळ आली तर हुकूम झाला, दोर सोड.

आप्पांनी सोडला. वर म्हणाले, "बरं, बाई."

मी तिथंच उभी होते.

आता आदल्या दिवशीचं सांगते. अभय म्हणजे सेक्रेटरीसाहेबांचा आणि बाईंचा मुलगा. तो आणि शमुवेल रविवारच्या शाळेपासूनचे दोस्त. अभयच्या नव्या गाडीवर दोघं मुळा धरणाला गेले होते. येताना राहुरीच्या अलीकडे, दिवस मावळताना, उसाच्या ट्रॉलीला मागून धडकले. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. ढाबेवाल्यानं अभयच्याच मोबाईलवरून त्याच्या घरी फोन लावला. साहेब खासगी हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स घेऊनच पोचले. अभय निपचित. शमुवेल शुद्धीवर, बोलत होता. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, दोघांनाही घेऊ, जागा आहे. साहेब म्हणाले, "ह्याचं तोंड चालू आहे. ह्याला काही झालेलं नाही. ह्याला दुसरी गाडी येईल."

दुसरी गाडी आलीच नाही. ढाबेवाल्यानं शेवटी एक कांद्याचा टेम्पो थांबवला आणि त्यात घालून त्याला सिव्हिलला पाठवलं. मार आतून होता. पोटात रक्त साचलेलं.

हे सगळं मला शमुवेलनंच सांगितलं. रात्री सिव्हिलमधून निरोप आल्यावर मी जाऊन त्याच्या कॉटशी बसले होते. तो म्हणाला, "ताई, मी लई बोलत हुतो गं. गप पडायला पायजे हुतं."

माझ्याशी तो शेवटचं बोलला ते हेच. दुसरं काही नाही.

इकडे चर्चच्या आवारात काय झालं? साहेबांच्या ड्रायव्हरचा फोन आला, अभय गेला. त्यानं डॉक्टरांना म्हणताना ऐकलं होतं की हृदय थांबलंय. आप्पा धावत सुटले आणि त्यांनी घंटा वाजवली. बायका रडत आल्या. पाळकसाहेब आले. आप्पा रडत रडत दुसऱ्याच्या पोरासाठी ठोके देत होते, आणि त्यांचा स्वतःचा पोरगा ट्रॉलीच्या मागं रस्त्यावर पडून होता. तोही गाडीवर होता हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग पुन्हा फोन आला. अभयचं हृदय सुरू झालंय. मशीनवर आहे, पण आहे.

बस. तिथंच चमत्कार झाला. मरणाची घंटा वाजली आणि मेलेला उठला! पाळकसाहेबांनी त्याच रविवारी लाजरावर उपदेश केला. चार दिवस कबरेत पडलेला, येशूनं उठवलेला लाजर आणि आपल्या सावेडीचा अभय. सगळी मंडळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात गुडघ्यावर होती, त्यामुळे शमुवेलला माती द्यायला बोटावर मोजण्याइतकी माणसं होती. तेही घंटेशिवाय.

नंतर बाई आमच्या खोलीवर आल्या. दारातच उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस. विश्वासानं मागितलं असतं तर तुमचाही उठला असता. आमच्या घरात चार पिढ्यांची प्रार्थना आहे. तुमच्यात ती सवय नाही."

त्यांचे पणजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झाले होते. आमचे महारवाड्यातून. पाण्यानं दोघांचाही बाप्तिस्मा झाला, पण त्यांचं ब्राह्मणपण काही त्या पाण्यात बुडालं नाही. अजून लग्न जमवताना ते वर येतं. आमच्या पोराच्या मरणातही आलं. म्हणजे आमचा पोरगा मेला तो रक्त साचून नाही, तर आमचं घराणं कमी पडलं म्हणून!

तेव्हापासून मी जळते. झाकत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मी सावेडीत एका दुकानात ब्लाउज शिवते. बाईंचेही शिवते. मापाला येतात आणि तक्रार करतात, अभय नीट जेवत नाही, सूप केलं तर अर्धं टाकतो, ओला टॉवेल गादीवर फेकतो. माझ्या हातात टेप असते. मला त्या तक्रारीचा हेवा वाटतो. त्या ओल्या टॉवेलचा हेवा वाटतो. अभय काठी टेकत चर्चमध्ये येतो, लोक उठून जागा देतात, त्या काठीचा हेवा वाटतो. मला लाजराच्या बहिणीचा, मार्थेचाही हेवा वाटायला लागला. तिचा भाऊ परत आला ना! पाळकसाहेब लाजराचं वाचायला लागले की मी कान बंद करून घ्यायची. बेथानीतल्या लाजराच्या एका घरासाठी येशू रडला म्हणे. मग माझ्या दारात कोण रडलं?

अभयला साक्ष द्यायला गावोगावची बोलावणी येऊ लागली. पार जामखेडच्या सभेलाही नेलं त्याला. पोस्टरवर लिहिलं होतं, आजचा लाजर. त्या पोराला स्वतःला काही आठवत नव्हतं. खाली मान घालून माईक धरायचा, बाकीचं बाईच सांगायच्या.

मग ईस्टर जवळ आला. साहेबांचं बोलावणं आलं, आप्पांना. पुनरुत्थानाच्या उपासनेत आप्पांनी साक्ष द्यायची. काय म्हणून? "मी माझ्या हातानं मरणाची घंटा वाजवली आणि पोरगं उठलं." त्यांच्या चमत्काराला साक्षीदार पाहिजे होता. आणि घंटा वाजवणारा तर एकच.

मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही नाही म्हणा."

"आपन कोन न्हाई म्हननारे? खोली त्यांची हाय, पोरी."

"आणि शमुवेल कोणाचा हाय?"

आप्पा उठून बाहेर गेले. संध्याकाळी बघितलं तर भिंतीकडे तोंड करून साक्ष पाठ करत होते. मला रडू आलं नाही, चीड आली. पोरगं गेलं, घंटा गेली, आता बापाचं तोंडही त्यांनाच पाहिजे.

त्याच आठवड्यात मी रविवारच्या शाळेत पोरांना याइराच्या मुलीची गोष्ट सांगत होते. कित्येक वर्षं सांगत आलेय. याइर सभास्थानाचा मोठा अधिकारी. त्याची मुलगी मरायला टेकलेली. प्रभू त्याच्याबरोबर घाईनं निघाला. वाटेत गर्दीत एक बाई त्याच्या वस्त्राला शिवली. बारा वर्षांची रक्तस्रावाची, कंगाल, विटाळाची म्हणून कुणी जवळ न करणारी. आणि तो थांबला. मोठा माणूस शेजारी तगमगतोय, आणि हा त्या बाईचं सगळं ऐकून घेतोय. तेवढ्यात निरोप आला, मुलगी गेली.

सांगता सांगता मी अडखळले. एवढी वर्षं मी पोरांना शेवटच सांगत होते, मुलगी उठली, टाळ्या! पण खरं मधेच घडलंय की. त्यानं याइरासारख्या साहेबाला थांबवलं. जिला रांगेत जागाच नव्हती, ती आधी. आणि मुलगीही गमावली नाही. दोघी वाचल्या. नाईन गावच्या विधवेचा एकुलता पोरगा गेला होता, तिला तर त्यानं काहीच विचारलं नाही. विश्वास नाही, घराणं नाही. तिनं मागितलंसुद्धा नव्हतं. तिचं रडणं बघितलं, तिरडीला हात लावला आणि पोराला उठवलं.

मग आमच्या रस्त्यावर कोण थांबलं? तिथं तर थांबायला लावलं ते माझ्या शमुवेललाच.

ईस्टरला चर्च फुललं होतं. पाळकसाहेब ओरडले, "येशू उठला आहे!" मंडळी ओरडली, "खरोखर उठला आहे!" मग आप्पांना पुढे बोलावलं. धुतलेला सदरा घालून आप्पा माईकपाशी उभे राहिले. "मी माझ्या हातानं घंटा..." एवढंच निघालं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बाई पहिल्या बाकावरून म्हणाल्या, "बोल, येसूदास. भिऊ नकोस."

मी उठले. पुढे गेले आणि आप्पांच्या हातातला माईक घेतला.

म्हटलं, "साक्ष मी देते. घंटा वाजली ती ड्रायव्हरच्या फोनवर वाजली. अभय मेला असं कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. त्याला वेळेवर नेलं म्हणून तो वाचला. वाचला ते बरं झालं. त्याच गाडीत माझ्या भावालाही जागा होती. त्याला खाली ठेवला, कारण तो बोलत होता."

साहेब उभे राहिले. "ही उपासना आहे!" पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला. कुणी गायलं नाही. अभय काठीकडे बघत बसला होता.

बाई मात्र बोलल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "हिच्या पोटात दुखतंय. हेवा पाप आहे, मुली. गुडघे टेक."

"दुखतंय, बाई," मी म्हटलं. "तुमचा जिवंत आहे म्हणून नाही. माझा मेला आणि दोष आमच्याच विश्वासावर घातलात म्हणून. गुडघे टेकीन. पण देवापुढं. तुमच्यापुढं नाही."

आप्पांना धरून बाहेर आणलं. खोली सोडायला सांगतील हे दोघांनाही माहीत होतं. पुढच्या महिन्यात सांगितलंच. आम्ही आता भिंगारच्या बाजूला भाड्यानं राहतो. आप्पा माझ्याशी बरेच दिवस नीट बोलले नाहीत. मग एकदा जेवताना म्हणाले, "तू बोललीस ते बरं झालं. माज्या तोंडानं ते खोटं निगालंच न्हाई." एवढंच.

मी चर्च सोडलं नाही. सोडावं अशी त्यांची फार इच्छा आहे. दर रविवारी जाते आणि पहिल्या बाकावर बसते, बाईंच्या शेजारी. त्या थोड्या सरकतात. सरकू देत. लोक म्हणतात, हेवा सोड, माफ कर, मन हलकं होईल. मला हलकं व्हायचं नाही. रस्त्यावर दोघं पडलेले असतील आणि कुणाचा कोण हे न विचारता दोघांनाही एका गाडीत उचललं जाईल, त्या दिवशी मी मान्य करीन की मेलेला उठला. तोवर कुणाच्याही चमत्काराला माझ्या तोंडून आमेन निघणार नाही.