न केलेली तार

माझी सुमनआत्या वर्षभर स्वतःच्या वडिलांशी एक शब्द बोलली नाही. एकाच घरात राहून.

काल सकाळी अंधेरीत ती वारली. ब्याण्णव पूर्ण.

कालपासून फोनवर सगळे विचारतायत, "तुझी आत्या टेनिस खेळायला फॉरेनला जायची, खरंच?"

खरंच. पन्नासच्या दशकात. बोटीने.

अंधेरीच्या क्लबात मातीचं एकच कोर्ट होतं. कॉलेजच्या आधी रोज दोन तास ती तिथे.

पांढरा स्कर्ट माझ्या आजीने घरच्या मशीनवर शिवलेला. शेजारणी म्हणाल्या, गुडघे दिसतात.

आजी म्हणाली, "गुडघे झाकून धावून दाखवा मला."

आत्या मुंबईत जिंकली, कलकत्त्यात जिंकली, मग इंग्लंडमधल्या स्पर्धेसाठी निवड झाली.

ती तिकडे असताना आजीला न्यूमोनिया झाला. आठ दिवसांत आजी गेली.

आजोबांनी तार केली नाही. पत्रात लिहीत राहिले, "घरी सर्व क्षेम."

त्याच आठवड्यात आत्या आयुष्यातलं सगळ्यात छान टेनिस खेळली. दोन राउंड जिंकली, तिसऱ्यात हरली.

परतली तेव्हा बंदरावर आजोबा एकटेच.

"आई कुठाय?"

"ती गेली, सुमन. सहा आठवडे झाले."

"तार का नाही केलीत?"

"खेळ सोडून निघाली असतीस. बोटीने पोचेपर्यंत काय उरलं असतं?"

"यायचं की नाही, ते मला ठरवू द्यायचं होतंत."

त्यानंतर बोलणं बंद. चहा पुढ्यात ठेवायची, ताट वाढायची. शब्द नाही.

खेळणं मात्र चालू. सिलोनला जाऊन आली, मलायाला जाऊन आली.

मग मुंबईत एक फायनल होती. आजोबांनी तोवर तिची एकही मॅच पाहिली नव्हती. त्या दिवशी ऑफिसातून हाफ डे घेऊन आले आणि मागच्या बाकावर बसले.

आत्या हरली. तिसऱ्या सेटमध्ये, अगदी थोडक्यात.

रॅकेट घेऊन ती सरळ त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

आजोबांनी विचारलं, "तुझा तो शेवटचा बॉल आत होता का गं?"

"नाही दादा. बाहेरच होता."

दोघं चालत घरी आले.

हे सगळं तिनेच मला सांगितलं. मी विचारलं, "म्हणजे माफ केलंस त्यांना?"

"नाही गं," आत्या म्हणाली. "पण बोलायला लागले."

आत्या, तुला मनापासून नमस्कार.