धूर मोजण्याचा दिवस

आमच्या गावात घरं किती, हे सरकारच्या कागदावर काहीही लिहिलेलं असो, आम्ही ते धुरावरून ठरवायचो. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य घाटमाथ्यावर यायच्या आत, गावकीची दोन माणसं गावामागच्या टेकाडावर चढायची आणि खाली कौलांतून, पेंढ्याच्या छपरांतून निघणारे धूर मोजायची. एक धूर म्हणजे एक चूल, एक चूल म्हणजे एक घर. जितके धूर, तितकी माणसं त्या दिवशी पारावर बसणार, आणि तितकीच माणसं पुढे विहिरीचा गाळ काढायला अन् बांध घालायला धरली जाणार. चूल नाही त्याला पार नाही. त्याने खाली धुळीत, पोराबाळांच्या मागे बसायचं आणि गप्प राहायचं.

ही मोजणी अगदी बिनचूक असे असं मात्र समजू नका. एका साली मोजणाऱ्यांनी एक धूर जास्तीचा आणला. सगळं गाव सकाळभर ते घर शोधत फिरत होतं. पाटलांना संशय आला की आपल्या चुलतभावाने गुपचूप वेगळी चूल मांडली. चुलतभाऊ देवाची शपथ घेऊ लागला, त्याची बायको रडू लागली, आणि गोष्ट हातघाईवर आली तेव्हा कुठे उलगडा झाला की दोघांतल्या तरुण मोजणाऱ्याने नेरळकडच्या आगगाडीचा धूर धरला होता.

“पण गाडी उभी होती ना!” तो कुरकुरला.

“उभी होती म्हून तिला काय गाळ काढाया बोलवू?” पाटील म्हणाले.

मोजणी झाली की पारावर गावाची वर्षाची झाडाझडती सुरू व्हायची. विहीर कशी आहे, नेरळची पायवाट कुठे खचली, देवळाचं छप्पर गळतं का, पंतोजी शाळेत बसतात की शाळेच्या ओट्यावर झोपतात, सगळं. आणि याची आमच्याकडे एक खाशी रीत होती. ज्या वस्तूचं गाऱ्हाणं, ते त्या वस्तूच्या तोंडून ऐकायचं. म्हणजे गावातल्या एका माणसाने उभं राहून विहीर व्हायचं, बांध व्हायचं, पायवाट व्हायचं आणि गावाला चार शब्द सुनवायचे. वस्तू बोलली की तिच्यावर रागावता येत नाही. पाटलाला विहिरीने शिव्या दिल्या तर पाटील करणार काय?

तो बोलणारा माणूस म्हणजे मी. शिमग्यात सोंगं घेऊन माझा गळा आणि कंबर दोन्ही तयार होती. मी डोक्यावर पदर घ्यायचो, एक हात कमरेवर ठेवायचो आणि सुरू व्हायचो. “अगं बायांनो, दोर घासून घासून माझा काठ करवतीसारखा केलात गं! गेल्या साली माझ्या पोटात तीन कळश्या गेल्या, एक कोंबडी गेली आणि आपल्या पाटलांची पगडी गेली. कळश्या काढल्यात, कोंबडी काढलीत. पगडी कुणी काढणार की मीच घालून बसू?” बायका तोंडाला पदर लावून कोसळायच्या. म्हातारे खोकेपर्यंत हसायचे. आणि हसता हसता काम ठरून जायचं. चार दिवसांत गाळ निघे. देवळाच्या छपराला मी एकदा असं शिंकायला लावलं की दुसऱ्याच दिवशी शाकारणी सुरू झाली.

वर्षाचे बाकीचे सगळे दिवस मी एक साधा शेतकरी. चिखलणी, लावणी, झोडणी, गवत. त्या एका दिवशी मात्र सगळं गाव माझ्याकडे तोंड करून बसायचं.

मग माझी बायको तापाने गेली. एकुलती मुलगी खालापुराकडे दिलेली, ती दिवसकार्याला आली, पंधरा दिवस राहिली आणि तिच्या लेकरांसाठी परत गेली. जाताना तिने चुलीतली राख काढून चूल सारवून ठेवली. ती तशीच राहिली. दादाचं घर माझ्या घराला लागूनच, मध्ये एक कुडाचं कुंपण. मी दोन्ही वेळा दादाकडे जेवायचो. वहिनी वाढायची, दादा पावसापाण्याचं बोलायचा, मी पाणी पिऊन परत यायचो आणि माझ्या ओटीवर बसायचो. सारवलेल्या चुलीवर कोळ्याने जाळं धरलं. मी ते काढलं नाही. घरात तेवढंच कुणीतरी काम करत होतं.

पहिल्या पाडव्याला सुतकाचं साल म्हणून कुणी काही बोललं नाही. दुसरा जवळ आला तेव्हा, शिमग्याच्या सुमारास, पाटलांनी मला वाटेत गाठलं.

“अरं, तुजा धूर दिसत नाय.”

“दादाकडं जेवतो ना मी.”

“म्हंजे तू दादाच्या चुलीवरचा झाला. तुजं घर दादाच्या घरात गेलं. पारावर एकच बसंल, दादा.”

“आणि विहीर?”

“विहीर कुटं जात्येय?” पाटील म्हणाले. “पन तिच्या तोंडून बोलायचं तर पारावरचा मानूसच पायजेल. मी काय करू? रीत हाय.”

पाटील वाईट नव्हते. त्यांनी ते हळूच, इकडे तिकडे बघून सांगितलं. मी हसून “बघू, बघू” म्हणालो आणि घरी येऊन बराच वेळ त्या चुलीकडे बघत बसलो. बायको गेली, ते मी सोसलं होतं. पण आता गाव माझं घर पुसणार होतं, आणि वर्षातला माझा तो एक दिवसही.

तर मी काय केलं? माणसाने सरळ स्वयंपाक करावा. मला भाकरी थापता येत नव्हती आणि वहिनीला शिकव म्हणायची लाज वाटली. शिवाय मी सोंगाड्या. मला वाटलं, धूरच हवा ना? धुराचं सोंग आणू!

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच मी कोळ्याची क्षमा मागितली, चुलीत ओला पेंढा कोंबला, वर आंब्याच्या हिरव्या फांद्या घातल्या आणि पेटवलं. आधी काहीच होईना. मी फुंकणीने फुंकलं. मग एकदम असा धूर झाला की मला माझेच हात दिसेनात. कौलांतून, खिडकीतून, दारातून, भिंतीच्या भेगेतून धूर! मी आनंदाने अंगणात आलो, म्हटलं, आता टेकाडावरच काय, माथेरानावरूनही दिसेल. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “आग! आग लागली!”

सगळ्यात आधी वहिनी आली, डोक्यावरचा भरलेला हंडा घेऊन. तिने मला अंगणात उभा पाहिला आणि तरीही हंडा आत नेऊन रिकामा केला. तिच्यामागून दादा, शेजारी, पाटलांचा चुलतभाऊ, सगळे कळश्या घेऊन. “अरे थांबा, थांबा,” मी ओरडत होतो, “चूल आहे ती!” पण गाव एकदा पाणी टाकायला लागलं की ऐकत नाही. चूल विझली, विरघळली आणि चिखल होऊन दारापर्यंत वाहत आली.

वहिनीने पदराने तोंड पुसलं. “भावजी, ह्ये काय मांडलंत?”

“स्वयंपाक.”

“कसला?”

“न्याहारी,” मी म्हणालो.

उन्हं आली तसे सगळे पाराजवळ जमलो. टेकाडावरून उतरलेला म्हातारा मोजणारा काठी टेकत आला. पंचवीस-तीस वर्षं तोच मोजत होता, बरोबरचा तेवढा बदले. माझ्या घराची पाळी आली आणि पाटलांनी त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा मी उठून पारावर गेलो. मला वाटलं, अजून एक डाव आहे. मी सांगितलं की आज पहाटे मी स्वतः तांदळाची उकड काढली, भाकरी थापल्या, वालाचं बिरडं केलं. नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. हवेत पीठ मळलं, हवेत भाकरी थापली, तव्यावर टाकून बोटं चटकल्यासारखा हात झटकला. बायका हसल्या. कुणीतरी ओरडलं, “मंग आमाला बोलावलंस का नाय रं?” मला बरं वाटलं. हे लोक माझे आहेत, असं वाटलं.

म्हातारा मात्र हसला नाही. “बस रं बाबा,” तो म्हणाला. “मी वर हुतो. भाकरीचा धूर निळा असतो, पातळ. वर जाऊन मोडतो. तुजा पिवळा हुता. ओल्या पेंढ्याचा. मोजायचा तो भाकरीचा. त्यो हाय कुटं?”

मी दादाकडे पाहिलं. दादा खाली बघत होता. वहिनी बायकांत बसली होती. एक शब्द बोलली असती, “शिजलं हुतं, मी पाह्यलं,” तर चाललं असतं. ती तो बोलली नाही. तिला खोटं बोलता येत नाही, हे मला ती लग्न होऊन आली तेव्हापासून माहीत आहे.

मी पारावरून उतरलो आणि मागे जाऊन पोरांजवळ बसलो.

विहिरीची पाळी आली. आता बोलायचं कुणी? दादाला ढकललं. दादा उभा राहिला, पदर घ्यायला त्याला लाज वाटली म्हणून नुसता उपरण्याचा शेव डोक्याला लावला. मग म्हणाला, “विहीर म्हंते... गाळ हाय. काडा.” आणि बसला. सगळे गंभीरपणे “काढू, काढू” म्हणाले. त्या साली गाळ निघायला वैशाख उजाडला.

त्या वैशाखापासून मी स्वयंपाक शिकू लागलो. चूल नव्याने मांडली. वहिनीला कळलं तेव्हा ती कुंपणापाशी येऊन म्हणाली, “काय वो भावजी, आमच्या पानात खडे निघाले का?”

“नाही गं वहिनी. पारासाठी.”

“पारावर काय जेवायला मिळतंय?” ती म्हणाली आणि गेली. तिला वाईट वाटलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी कुंपणावरून हात घालून तिने उकडीचा गोळा कसा असावा ते दाखवलं. माझी पहिली भाकरी खंडाळ्याच्या घाटासारखी झाली, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला बोगदा. पण महिन्याभरात जमलं. आधी मी एकाच वेळचं रांधायचो आणि दुपारी दादाकडे जायचो. मग पावसात लावणीच्या गडबडीत दुपारचंही माझं मीच करू लागलो. कुणी ठरवलं नाही. गावाच्या हिशेबी वेगळी चूल म्हणजे वेगळं घर, आणि वेगळ्या घरच्या माणसाला रोज कोण वाढणार? दिवाळीपर्यंत वहिनीकडे ओळीत माझा पाट मांडणं बंद झालं होतं.

पुढच्या पाडव्याला मी पहाटे उठून सुक्या लाकडांवर भाकरी भाजली. धूर निळा, पातळ, मला खालूनही दिसत होता. म्हातारा टेकाडावरून उतरला, माझ्याकडे काठी रोखली आणि पाटलांना म्हणाला, “ह्यो हाय.” एवढंच. मी पारावर चढलो. जागा रिकामीच ठेवली होती, कोण जाणे कुणी.

आणि त्या दिवशी मी असा बोललो! विहीर झालो, दोन वर्षांची साठलेली विहीर. पायवाट झालो आणि नेरळच्या बाजाराला जाणाऱ्या प्रत्येकाच्या चपलांची खोड काढली. पंतोजींची छडी झालो आणि आपण किती झोपतो ते सांगितलं. पंतोजी स्वतः हसले. दादा तर डोळे पुसत होता. सगळं गाव माझ्याकडे तोंड करून बसलं होतं. दुसऱ्याच दिवशी गाळ काढायचं ठरलं. लोक पाठ थोपटत आपापल्या घरी गेले, जेवायची वेळ झाली होती.

मीही घरी आलो. गळा अजून गरम होता, विहिरीचा आवाज अजून ओठांवर होता. चुलीवर भात ठेवला आणि ओटीवर बसलो. कुंपणापलीकडून वहिनीची हाक आली, “अवो, पान वाढलंय!” दादाला. मी अर्धा उठलो होतो. तसाच परत बसलो.

तेवढ्यात मला काय झालं कोण जाणे. मी पंचा डोक्यावर ओढला आणि वहिनीच्या आवाजात, अगदी तिच्यासारखं शेवटचं अक्षर लांबवून, म्हणालो, “भावजी, पान वाढलंय!” आणि माझ्या आवाजात उत्तर दिलं, “आलो, आलो.”

पलीकडचा पळीचा आवाज थांबला. मला वाटलं आता दादा हसेल. कुणी हसलं नाही.

मग वहिनी कुडाच्या आडून म्हणाली, हळू आवाजात, “भावजी, तुमचा भात करपतोय.”

तो खरोखरच करपत होता.