अपग्रेड फसलं तर

आमच्या पॅथॉलॉजी लॅबचा डेटाबेस सर्व्हर इतक्या जुन्या आवृत्तीवर चालायचा की तो बनवणाऱ्या कंपनीनेही त्याची दुरुस्ती सोडून दिली होती. सगळ्या पेशंटांचे जुने रिपोर्ट त्यातच. सिहोऱ्याहून दर महिन्याला बसने एक काकू यायच्या, किडनीच्या. त्यांचे डॉक्टर मागचे आकडे समोर ठेवूनच औषध ठरवायचे. ते आकडे गेले असते तर कुठून आणणार होतो आम्ही?

लॅबचे कॉम्प्युटर माझ्याकडे, म्हणून महिनाभर डोकं शिणवून मी अपग्रेडची योजना लिहिली. शेवटच्या पानावर शीर्षक होतं, 'अपग्रेड फसलं तर'. आधी सगळ्याची प्रत वेगळ्या मशीनवर काढायची, ती नीट उघडते का बघायचं, आणि गडबड झालीच तर त्या प्रतीवरून जुनी आवृत्ती पुन्हा उभी करायची.

लॅबचे मालक, डॉक्टरसाहेब, मूळचे अमरावतीकडचे, आता इथल्या हिंदीत मुरलेले. बाकीची पानं त्यांनी भराभर उलटली, या पानावर मात्र थबकले.

"काहून अपशकुन करून राहिली तू? चलो, ये पन्ना निकाल दे."

"सर, पण फसलं तर..."

"अरे, फिर वही बात! फसेल काहून?"

आणि पान फाडून माझ्या हातात दिलं. साध्या शुगरच्या आकड्यावर शंका आली तरी हा माणूस पुन्हा तपासायला लावतो! मी खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढले. बाबांच्या मशीनशेजारी 'आग लागल्यास काय करावे' अशी पाटी होती, तिला कुणी अपशकुन म्हटलं नाही.

शनिवारी मी गुपचूप लॅबमधल्याच दुसऱ्या मशीनवर प्रत काढली. रविवारी दुपारी लॅब बंद ठेवून काम सुरू केलं आणि साडेतीनला नवी आवृत्ती अर्ध्यात अडली. जुनीही उघडेना. पर्समधलं ते फाडलेलं पान काढलं आणि एकेक ओळ वाचत गेले. संध्याकाळपर्यंत जुनी आवृत्ती उभी राहिली, चूक सापडली, दुसऱ्या खेपेला नवीही चालू झाली. काकूंचा पहिला रिपोर्ट उघडला तेव्हा मला रडूच आलं.

सोमवारी डॉक्टरसाहेबांनी खोव्याची जलेबी मागवली. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "बघ, लागलं काय ते पान?"

सगळे हसत माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "नाही सर."

त्या 'नाही'चा माझा मलाच आलेला राग अजून गेलेला नाही. पुढच्या अपग्रेडला ते पान पुन्हा फाडलं जाईल, आणि तेव्हा डॉक्टरसाहेब माझाच दाखला देतील.