पाय मोडलेला र

आमच्या लेकीला घरात सगळे खुडबुडी म्हणतात. रांगत होती तेव्हा तिने रेडिओची बटणं उपटली. शाळेत जायला लागल्यावर लिफ्टमधली सगळी बटणं एकदम दाबली आणि शेजारच्या काकूंना दोन मजल्यांच्या मध्ये लटकवलं. का दाबलीस विचारलं, तर म्हणाली, "काय होतं ते बघायला." या मुलीला नोकरी कोण देणार, हा घोर माझ्या जिवाला तेव्हापासूनच लागला.

नोकरी मिळाली. एका निवासी शिक्षणसंस्थेत टायपिस्ट म्हणून; पण 'आधी काम बघू, मग कायम करू' या बोलीवर. संस्थेच्या प्रमुखांना सगळे आचार्य म्हणतात आणि तिथल्या भोजनगृहात दोन आचारी आहेत. माशी शिंकली ती इथेच.

आचाऱ्यांसाठी एक सूचना टाइप करायची होती. ऑफिसातला कीबोर्ड नवा, अक्षरांची मांडणी हिच्या सवयीची नाही. हिने र दाबला, त्याचा पाय मोडला, पुढे य दाबला. र टुणकन उडून य च्या डोक्यावर बसला. फलकावर सूचना लागली : 'आचार्यांनी डोक्याला फडके बांधल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये. नखे कापलेली असावीत.'

विद्यार्थ्यांची हसून मुरकुंडी वळली. हेडक्लार्क मात्र हसले नाहीत. "बाई, आचार्य काही बोलले नाहीत. नुसते नखांकडे बघत बसलेत. उद्या दुरुस्त सूचना लागली नाही, तर कायम होणं विसरा."

घरी आली ती तडक कॉम्प्युटरपुढे. तीच मांडणी इथे सुरू केली आणि त्या हरवलेल्या अक्षराचा शोध चालू झाला.

"अगं, स्वयंपाकी लिही आणि मोकळी हो," मी म्हटलं.

"आणि कर्मचाऱ्यांना काय लिहू? दुसऱ्या मजल्याला काय लिहू, पहिल्याच्या वरचा?"

तिचे बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "दुसरा मजलाच पाडून टाका. जिने झाडायचं काम वाचेल."

ती एकेक कळ दाबत होती. आधी नुसती, मग शिफ्ट धरून, मग दोन-दोन मिळून. ळ निघाला, ज्ञ निघाला, बाराखडीबाहेर कुणी न पाहिलेला ङसुद्धा हजर झाला. हवा तोच रुसून बसलेला. मी जेवायला बोलवायला गेले, तर पडद्यावर एका र खाली ठिपका.

"काय गं ही घाण!" मी ओलं फडकं घेऊन पुसायला लागले. जाईना. नखाने खरवडलं.

"आई! ते टिंब आहे. शिफ्ट धरून र दाबला की येतं. काही कामाचं नाही ते."

"कामाचं नाही तर ठेवलंय कशाला? एवढ्याशा फळीवर उगाच कोण जागा अडवेल?"

लेक गर्रकन पडद्याकडे वळली. मग तिने तो टिंबवाला र दाबला, त्याचा पाय मोडला आणि पुढे य दाबला. टिंब गायब! र ची इवलीशी कोर होऊन ती य ला बिलगली : ऱ्य.

खुडबुडीने अशी उडी मारली, की पाण्याचा पेला आडवा. मी आधी कीबोर्ड उचलला, मग लेकीला विचारलं, लागलं का.

दुसऱ्या दिवशी आचार्य नव्या सूचनेपुढे बराच वेळ उभे होते म्हणे. "बरं झालं," ते म्हणाले, "पण मी कापली बरं का." हेडक्लार्कांनी मग तिचं पत्र तिलाच टाइप करायला लावलं. 'कायम कर्मचाऱ्यांमध्ये' हे शब्द तिने जरा ठळकच केलेत.

हे लिहिताना मघापासून मला एका र खाली टिंब दिसतंय. चुकून कुठली कळ दाबली गेली की काय, पुढचं सगळं बिघडेल का, या भीतीने मी हातच लावला नाही. शेवटी न राहवून झोपलेल्या खुडबुडीला हलवलं आणि उठवून आणलं.

तिने एक डोळा उघडून पडद्याकडे पाहिलं.

"आई, ही घाण आहे. पूस."